टाकेवाडीचं लाल लुगडं

गावाचा इतिहास म्हटला की टाकेवाडीत जो तो बाह्या सरसावतो. कुणाच्या आज्याने रुळाखाली जमीन दिली, कुणाच्या बापाने कांद्याने मालगाडीची पहिली वाघीण भरली, यावर पारावर तास तास हुज्जत चालते. एका गोष्टीवर मात्र गावाचं एकमत. नाशिक रोड आणि मनमाडच्या मधल्या या टिचभर गावाचं नाव पेपरात आलं ते कुसाबाईमुळे. पन्नास वर्षांपूर्वी ऐन थंडीत रूळ तडकला, तेव्हा तिने लाल लुगडं हलवून पॅसेंजर थांबवली. तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला शाळेत तिची शाल आणि नारळ ठरलेला.

आता शाळेतल्या वैष्णवीबाई गावाचं पुस्तक काढत होत्या आणि पहिलं पान कुसाबाईचं होतं. "आजी, उद्या छापायला जाणार. एकदा ऐकून घ्या," म्हणत त्यांनी ते वाचून दाखवलं. शेवटची ओळ अशी होती: ‘रुळांची राखण करणारा चावीवाला झिपरू त्या वेळी झोपला होता.’

कुसाबाईला ऐकवेना. झिपरू जाऊन वीस वर्षं झाली होती, पण त्याची मुलगी बायडाबाई दोन घरं टाकून राहत होती. छापलेलं पुस्तक तिची नातवंडंही वाचणार. "बाई, हे पान आजच्या दिवस थांबवून ठेवा," एवढं म्हणून म्हातारी काठी घेऊन उठली.

बायडाबाई ओट्यावर कांदे निवडत बसली होती. तिने बसायला गोणपाट सरकवलं, पण मान वर केली नाही. या दोघींचं बोलणं कायम कामापुरतंच.

"बायडे, त्या दिशी गाडी म्या नाय थांबवली. तुझ्या बापानं थांबवली."

बायडाबाईचे हात थांबले.

मग कुसाबाईने सगळं सांगून टाकलं. झिपरूला गाडी थांबवायच्या लाल झेंड्यात भाकरी बांधून न्यायची खोड. त्या दिवशी स्वारी भाकरी घरी विसरली आणि भाकरीबरोबर झेंडाही. तडा त्यालाच दिसला, तोवर गाडीची शिट्टी वाजली होती. कुसाबाईने रुळाकडेच्या कुंपणावर वाळत घातलेलं लुगडं त्याने ओढलं आणि तो पळत सुटला. धुक्यात ड्रायव्हरला दिसलं ते फक्त लाल कापड. गाडी थांबली आणि मग झिपरूला झेंडा आठवला. झेंड्याशिवाय कामावर आलेल्या चावीवाल्याला कोण ठेवणार? मागे धावत आलेल्या कुसाबाईच्या हातात त्याने लुगडं कोंबलं. ‘वयनी, तुमीच थांबवली म्हणा. पोरं लहान हायती.’ रेल्वेच्या साहेबांना त्याने सांगितलं, मी माझ्या हद्दीच्या पार दुसऱ्या टोकाला होतो. गावाने मात्र परस्पर ठरवून टाकलं, झिपरू झोपला होता.

"नोकरी वाचली. मंग तो रिटायर झाल्यावर तरी का नाय बोलली, काकू?"

इथे एखादी थाप सहज खपली असती. कुसाबाईने मारली नाही. "शालीची सवय लागली गं मला."

बायडाबाईने हातातला कांदा बाजूला ठेवला. "वर्गातली पोरं मला घोरून दाखवायची. म्हणून म्या चौथीत शाळा सोडली. बाप इचारायचा, का जात नाय? काय सांगू त्याला?"

कुसाबाईला रडू आवरेना. बायडाबाईने तिची समजूत काढली नाही, पण तिला ऊठही म्हटलं नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "लय पळाला का तो?"

"इंजनाच्या समोर, दोन रुळांच्या मधून. पायात वहाण नव्हती."

दोघी मिळून शाळेत गेल्या. वैष्णवीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि जरा चाचरत विचारलं, "झेंडा विसरल्याचं लिहू का? नाहीतर तेवढं गाळते."

"गाळू नका. विसरला तर विसरला," बायडाबाई म्हणाली. "पण पहिली ओळ ही लिवा, का माझा बाप जागा होता."