हॉसियाचा चेहरा

मी एक जुनी गोधडी आहे आणि माझ्या अंगावर एका माणसाचा चेहरा आहे. हसू नका, मित्रांनो. अलाबामातल्या आमच्या नदीकाठच्या वस्तीत फोटो काढणारा कधी फिरकतच नसे, त्या काळातली मी.

लाकूड कापायच्या गिरणीत अपघात होऊन हॉसिया टार्व्हर वारला, तेव्हा त्याची बायको लुवेनिया पोटुशी होती. नवऱ्याचे कपडे तिने कुणाला दिले नाहीत. त्याच्या तपकिरी विजारीतून तिने गाल कापले, काळ्या कोटातून टोपी, भुवया आणि खांदे. नाक तर तीनदा उसवले. शेजारणी म्हणाल्या, हॉसिया इतका देखणा कधी होता ग? ती म्हणाली, तुम्हाला कशाला दिसेल तो!

मग मोझेल जन्मली. तिने बाप पाहिला तो माझ्यावरच. रोज झोपताना ती आधी टोपीची कड चाचपायची, मग नाक, मग ओठ, आणि मगच डोळे मिटायची. खोटे कशाला सांगू, त्या दिवसांत मला भारी तोरा होता.

मोठेपणी मोझेलने मला जिवापाड जपले. उन्हाने रंग विटू नये म्हणून चेहरा आत घेऊन घडी घातली आणि मला पेटीत तळाशी ठेवले. पुढे पेटी उघडायची ती माझ्यावर आणखी काही ठेवण्यापुरती. बाहेरून मी म्हणजे पिठाच्या पोत्यांचे कळकट अस्तर, दुसरे काही नाही.

आमच्यात एक रीत आहे. जीर्ण गोधडी टाकत नाहीत, नव्या गोधडीच्या पोटात भर म्हणून घालतात. माझ्याही पोटात लुवेनियाच्या आईची एक आहे. रीत चांगलीच आहे, पण पोटात गेलेली गोधडी पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही.

मोझेलच्या नातीचे, जेरुशाचे, लग्न शनिवारवर आले होते. मंगळवारी मोझेलची सून, जेरुशाची आई कोरीन हिने लेकीच्या गोधडीसाठी चर्चच्या मागच्या खोलीत शिवायची चौकट मांडली. बाकीच्या बायका यायच्या होत्या. तिने एकटीनेच मला दोन टोकांना धरून झटकले आणि ताणलेल्या नव्या अस्तरावर पसरले. मी पालथी पडले, चेहरा खाली; तिला दिसले ते माझे कळकट अस्तरच. वरून जेरुशाच्या गोधडीचा रंगीत पट्ट्यांचा थर आला आणि मला दिसेनासे झाले.

टाके कडेकडून सुरू झाले. बायका हसत होत्या, गात होत्या, आणि सुया माझ्यातून आरपार जात होत्या. बुधवारी खांदे शिवले गेले. गुरुवारी दुपारी सुई हॉसियाच्या हनुवटीत शिरली. आणखी एक दिवस, की संपले. माझा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात मोझेलला आणून बसवले. आजीचा टाका गोधडीत हवाच. मोतीबिंदूने तिला फारसे दिसत नसे, पण शिवायला तिला डोळे लागत नसत. उजवा हात वर सुईशी, डावा चौकटीखाली, टोक बाहेर आले की नाही ते चाचपायला. चार टाके झाले आणि तो डावा हात थांबला. नव्या अस्तराखाली बोटे सरकली, टोपीच्या कडेवरून नाकावर, नाकावरून ओठांवर.

"कोरीन, पेटीतली तळची घेतलीस?"

"हो, आई. पार विरली होती."

"तिच्यात माझा बाप आहे."

गाणे थांबले. अरिट्टाबाई वयाने मोठ्या. त्यांनी हळूच समजावले की लग्न परवावर आलेय, उसवताना जुने कापड फाटेल, आणि पणतीच्या अंगावर राहणे काही वाईट नाही. त्यांचे चुकत नव्हते.

"मी गेल्यावर त्याला ओळखणारं कोण आहे?" मोझेल म्हणाली.

कोरीनचा आवाज चढला. "तीस वर्षं मी या घरात आहे, आई. एकदा तरी उघडून दाखवलंत का मला?"

मोझेलने हातातली सुई कापडात खोचून ठेवली. मग म्हणाली, "नाही दाखवलं. जपत बसले."

कोरीनने छोटी कात्री उचलली. एकेक टाका तिनेच तोडला, श्वास रोखून. शेवटी टर्र असा आवाज झाला.

"काय फाटलं?"

"गाल."

"असू दे. असता तर या वयाला सुरकुतलाच असता."

मला उलटून टेबलावर ठेवले. कोरीन वाकून बघतच राहिली. "आई," ती म्हणाली, "हे ओठ आपल्या जेरुशाचे आहेत. हुबेहूब."

मोझेलला ते ठाऊक नव्हते. नात मोठी होईतो मोझेलचे डोळे अधू झाले होते. ती तिथेच माझ्यावर डोके ठेवून रडली.

जेरुशाची गोधडी लग्नानंतर तीन आठवड्यांनी झाली, नवा कापूस भरून. जेरुशा थोडी कुरकुरली. मी मात्र आता भिंतीवर असते, गालाला ठिगळ लावून.

मित्रांनो, मला पेटीत घालणारे हात वैऱ्याचे नव्हते, माझ्यावर सर्वांत जास्त माया करणारे होते. तुमच्याही घरात असे काही घडी घालून ठेवलेले असेल. जपा, जरूर जपा. पण घडीच्या आत कोण आहे ते घरातल्या एकाला तरी आजच सांगा. आम्हाला आतून हाक मारता येत नाही.