मोकळी होणारी घरं

नियोजन खात्यात आकड्यांचं काम करणारा तो पन्नाशी ओलांडलेला माणूस ऑफिसात सगळ्यांसाठी 'सर' होता आणि आईसाठी अजून 'सोन्या'. आई एक्क्याऐंशीची. जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे बेरीज चुकली की तिला कुठूनही वास यायचा. दोन गल्ल्या पलीकडे ती एकटी राहायची. अहवाल साहेबांकडे जाण्याआधी तिच्या नजरेखालून घालायचा, हा त्याचा जुना शिरस्ता.

या वेळचा अहवाल होता, येत्या दहा वर्षांत शहराला किती घरं लागतील याचा. वयोगटांवरून सगळा हिशेब मांडलेला. किती तरुण वेगळा संसार थाटतील, किती माणसं बाहेरून येतील. आई चष्मा सावरत वाचत होती. चौथ्या पानावर ती थांबली.

"सोन्या, हे काय? वयोवृद्धांच्या निधनामुळे मोकळी होणारी घरं, बाराशे चाळीस?"

"ती वजा करावीच लागतात गं. तेवढी नवी बांधायला नकोत."

"म्हणजे दहा वर्षांत माझाही निकाल लावलास तू!"

त्याचा चेहरा पडला. "आई, ते सरासरीने असतं..."

"अरे, मरेन की. त्याचं काही नाही. पण गणित चुकलंय तुझं. तुझे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. हे घर मोकळं झालं का?"

माणूस गेला की घर सुटलं, असं त्याने सरसकट धरलं होतं. मागे राहणारं माणूस त्याच्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

"एका घरावरून ठरवता येत नाही," तो चाचरत म्हणाला.

"मग चल, गल्ली मोजू."

रविवारी सकाळी मायलेक निघाले. गल्लीत एकतीस घरं. निम्म्या घरांत आईचे विद्यार्थी निघाले, त्यामुळे पाच मिनिटांचं काम कुठे कुठे अर्ध्या तासावर जायचं. एका टक्कल पडलेल्या शिंप्याला तिने दारातच सतराचा पाढा विचारला. तो बिचारा सतरा आठेला अडखळला आणि बायको आतून खो खो हसली. कोपऱ्यावरच्या घरातले घड्याळजी मात्र आतून खुर्चीच घेऊन आले. बायको गेल्यापासून दारात बोलायला कुणी आलंच नव्हतं. आई त्यांच्यापाशी बराच वेळ बसली. त्यानेही घाई केली नाही.

दहा वर्षांत गल्लीतली अठरा म्हातारी माणसं गेली होती. घरं रिकामी झाली होती पाच. बाकीच्या घरांत कुठे बायको मागे राहिलेली, कुठे नवरा, कुठे बहीण.

येताना आईचे पाय भरून आले. त्याच्या दंडाला धरून ती सावकाश चालत होती. एवढ्या वर्षांत तिने आपला हात असा कधी धरला होता, हे त्याला आठवेना.

सोमवारी तो साहेबांसमोर उभा राहिला. "चूक माझीच आहे. एका गल्लीवर आकडा ठरवता येणार नाही. पंधरा दिवस द्या, आणखी वस्त्या मोजतो."

साहेब आधी वैतागले. मग कागद पाहता पाहता म्हणाले, "आमचे वडीलही एकटेच असतात, चार खोल्यांत. घ्या पंधरा दिवस."

बारा वस्त्या मोजून झाल्या. बाराशे चाळीसचे चारशे दहा झाले, आणि नव्या घरांची गरज आठशे तीसने वाढली. सुधारलेला अहवाल मंजूर झाला. शेवटच्या पानावर त्याने आभाराची ओळ घातली होती: 'आकडे तपासून देणाऱ्या एका निवृत्त गणित शिक्षिकेचे आभार.'

आईने ती ओळ दोनदा वाचली.

"बाकी ठीक आहे," ती म्हणाली, "पण निवृत्त कशाला लिहिलंस?"