साइडकार नको

सन एकोणीसशे बावन्न. पहिल्या निवडणुकीची चित्रं आमच्या भवानीपुरातल्या भिंतींवरून अजून पुसली गेली नव्हती, त्या दिवसांत आमच्या घरात मोटारसायकल घ्यायचं ठरलं. नवी नव्हे, वापरलेली. नवीसाठी नंबर लावून थांबावं लागे आणि जयंतची कंबर तेवढं थांबायला तयार नव्हती.

जयंत म्हणजे माझे यजमान. तेव्हा मी त्यांचं नाव घेत नसे. आता घेते, ऐकून भुवया उंचावणारं कुणी राहिलेलं नाही. ते एका विमा कंपनीत गिरण्यांचे बॉयलर तपासायच्या कामावर होते. कचेरी एस्प्लनेडला, गिरण्या हावड्याच्या पलीकडे नदीकाठाने पसरलेल्या. रोजचा प्रवास ट्रामने, मग बसने, मग कुणाच्या तरी सायकलवर मागे बसून. शिवाय महिन्यातून एकदा बर्दवानच्या बाजूला दोन-तीन दिवसांचा दौरा, मुक्काम डाकबंगल्यात. तेव्हा गाडी अशी हवी होती, की रोज कचेरीलाही जाता येईल आणि लांबच्या रस्त्यावर उतरल्यावर माणूस ताठ उभाही राहील.

हे झालं जयंतचं कारण. माझं निराळं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. लग्न होऊन मी नागपूरहून कलकत्त्याला आले त्याला चौदा महिने झाले होते. घर दोन खोल्यांचं, घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई, मंदाकिनीबाई. त्यांना सगळे माई म्हणत. माई विधवा, पन्नाशीच्या, तब्येतीने खणखणीत. फिरायला जायचं तरी तिघांनी. ट्राममध्ये बायकांच्या बाकावर माई आणि मी शेजारी शेजारी, जयंत मागे उभे. मैदानावर शेंगदाणे घेतले तर पुडी माईंच्या हातात. घराबाहेर नवऱ्याच्या शेजारी मी पाच मिनिटंही बसले नव्हते. मोटारसायकलवर माणसं दोनच बसतात, हे गणित मला फार आवडलं. डाकबंगल्याचा व्हरांडा तर मी न पाहताच मनात सजवून ठेवला होता.

गाडी निवडण्याचं काम मनोहरपंतांनी स्वतःकडे घेतलं. हे तारखात्यातले अधिकारी, बदलीवर आलेले, अविवाहित. आमच्या महाराष्ट्र मंडळात कुठल्याही यंत्राबद्दल शेवटचा शब्द त्यांचा असे. स्वतःकडे मात्र ट्रामचा पास सोडून दुसरं वाहन नव्हतं.

"जयंतराव, इंजिन बघू नका," त्यांनी पहिल्याच दिवशी चहा घेताना बजावलं. "इंजिन काय, दुरुस्त होतं. कंबर होत नाही. गाडी बघायची ती बसून."

"आणि बसूनच राहायचं," माई म्हणाल्या. "पंत, तुम्ही कधी चालवलीत का हो?"

"माई, डॉक्टरला प्रत्येक रोग स्वतःला व्हावा लागत नाही."

पहिली गाडी हावड्याला एका गुदामात होती. लष्कराने लढाईनंतर काढून टाकलेली, हिरव्या रंगाची. जयंत ती हावड्याच्या पुलावरून एकदा चालवून आले आणि रात्री पोटावर निजले. मागे बसायला तर सीटच नव्हती, नुसती सामान बांधायची लोखंडी जाळी. "सैनिकांच्या बायका कुठे बसत असतील?" असं मी विचारलं, तेव्हा माई म्हणाल्या, "त्या घरी बसत असतील."

दुसरी गाडी रिपन स्ट्रीटवरच्या एका रेल्वे गार्डची. तो अँग्लो-इंडियन गृहस्थ बायकोमुलांसह ऑस्ट्रेलियाला निघाला होता. गाडी चांगली होती. रुंद सीट, जाड स्प्रिंगा, चालू केली की मांजरासारखी गुरगुरायची. पण तिला शेजारी एक साइडकार जोडलेली होती, एका चाकाची, होडीसारखी, आत लाल गादी.

मनोहरपंतांनी टाळी वाजवली. "संपलं! जयंतराव पुढे, वहिनी मागे, माई इथे. सहकुटुंब प्रवास."

माई साइडकारमध्ये बसून बघत होत्या. "पाय लांब करता येतात," त्या म्हणाल्या. "डबाही राहील."

माझ्या डोळ्यांपुढे डाकबंगल्याचा व्हरांडा आला, आणि त्यात तिसरी खुर्ची. त्यानंतर मी जे बोलले ते मला आजही पाठ आहे, कारण त्याआधी आणि त्यानंतरही यंत्रांबद्दल मी इतकं कधी बोलले नाही. तीन चाकं म्हणजे ट्रामच्या रुळात अडकायला एक चाक जास्त. वजन एका बाजूला, म्हणजे हँडल सतत ओढणार, म्हणजे खांदे भरून येणार. आमच्या गल्लीत समोरून हातरिक्षा आली तर मागे कसं घ्यायचं? आणि पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी भरतं, तेव्हा ही होडी तरंगेल की बुडेल?

गार्ड माझ्याकडे बघतच राहिला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक हातचं चाललं आहे एवढं कळलं.

"वृंदाला बरीच माहिती आहे की," जयंत कौतुकाने म्हणाले.

"हो ना," माई साइडकारमधून उतरत म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "बरीच."

साइडकार नको, असं ठरलं.

तिसरी गाडी बालिगंजच्या डॉक्टर सरकारांची. त्यांनी मोटार घेतली होती म्हणून ती विकायला काढली होती. काळी, स्वच्छ, मागच्या चाकालाही स्प्रिंगा असलेली, आणि मागे बसणाऱ्यासाठी वेगळी छोटी गादी. डॉक्टर म्हातारे आणि हट्टी. गाडी कशी आहे हे चालवणाऱ्याला विचारायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. "जो चालवतो तो नेहमी आरामात असतो. मागच्याला विचारा!" ते हिंदीत ओरडले. घरातलं माणूस मागे बसून फेरी मारल्याशिवाय ते गाडी देणार नव्हते. म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही तिघं आणि मनोहरपंत ट्रामने बालिगंजला गेलो.

त्या दिवशी मी माझं सगळ्यात चांगलं पाचवारी पातळ नेसले होते. पाचवारीची एक हकीगत आहे. माई जन्मभर नऊवारी लुगडं नेसणाऱ्या. मी मात्र सासरी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं की मी गोल पातळच नेसणार, कासोटा घालणार नाही. मी मॅट्रिक झालेली होते आणि हे माझं तत्त्व होतं. मोठं भांडण होईल म्हणून आगगाडीतच उत्तरं तयार करून ठेवली होती. माई फक्त "बरं" म्हणाल्या आणि माझी सगळी उत्तरं फुकट गेली.

तर मी मागे बसले. पाचवारीत बसता येतं ते एकाच प्रकारे, दोन्ही पाय एका बाजूला. धरायला जयंतचा कोट होता, पण चारचौघांत नवऱ्याचा कोट धरायचा कसा? मी गादीची कड धरली. गाडी निघाली. जयंत पुढून ओरडून विचारत होते, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "छान!" गडियाहाटच्या वळणावर गाडी ट्रामच्या रुळांवरून गेली, एक हिसका बसला, रेशमी पातळ गादीवरून सुळकन सरकलं आणि मी एका मिठाईच्या दुकानासमोर उभी राहिले. पडले नाही. बसल्या जागेवरून खाली उतरले, इतकंच. फक्त गाडी थांबलेली नव्हती.

जयंत पुढे गेले. ते बोलत होते, हे मला दुरूनही दिसत होतं.

मी चालत डॉक्टरांच्या घरी पोचले तेव्हा ते फाटकात गाडी उभी करून डॉक्टरांना सांगत होते, "मागे अगदी आराम आहे म्हणते. सबंध रस्ताभर एक तक्रार नाही."

डॉक्टरांनी रिकाम्या सीटकडे बोट केलं. मग रस्त्याने येणाऱ्या माझ्याकडे.

हसून हसून मनोहरपंतांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं, पण हसून नव्हे. व्यवहार मोडल्यात जमा होता. तेवढ्यात माई म्हणाल्या, "मी बघू का बसून?"

"आई, तू?"

"का रे? मला काय काटे आहेत?"

त्यांनी पदर खोचला, कासोटा जरा घट्ट ओढला आणि घोड्यावर टाकावी तशी टांग टाकून त्या बसल्या. एक पाय इकडे, एक तिकडे, दोन्ही पाय टेकायला दांडे. नऊवारीत हे जमतं. हजार वेळा पाहिलेलं ते नेसणं या कामाचं आहे, हे त्या फाटकात उभ्या असलेल्या आम्हां कुणाच्याच कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल."

परत आले ते अर्ध्या तासाने. ढाकुरियाच्या तळ्याला दोन फेऱ्या मारून. माईंच्या केसांच्या बटा सुटल्या होत्या आणि चेहरा मी तोवर न पाहिलेला होता.

"मागच्या स्प्रिंगा बऱ्या आहेत," त्यांनी उतरून निकाल दिला. "गादी थोडी पुढे घ्यायला हवी. आणि जयंता, वळताना तू डावा खांदा टाकतोस."

डॉक्टरांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि किल्ली त्यांच्याच हातात दिली.

पुढे काय झालं ते सांगायलाच नको. चैत्रातल्या दौऱ्याला बर्दवानला माई गेल्या. "तू घसरतेस ना, लांबचा रस्ता आहे," असं जयंत मला प्रेमाने म्हणाले. वैशाखातल्या दौऱ्यालाही माईच गेल्या. येताना डाकबंगल्याच्या खानसाम्याने दिलेले आंबे घेऊन आल्या आणि व्हरांडा कसा प्रशस्त आहे, ते मला दोन दिवस सांगत होत्या. मंडळात मनोहरपंत म्हणत, "वहिनी, साइडकार घेतली असती तर!" हे वाक्य त्यांनी सात वेळा तरी म्हटलं. मी मोजलं आहे.

घरात मी एकटी. एकांत मिळाला होता, फक्त वाटणीत काहीतरी चुकलं होतं.

ज्येष्ठात तिसरा दौरा आला. आदल्या दुपारी माई गाठोडं बांधत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"माई, मला लुगडं नेसायला शिकवा."

त्यांनी गाठ तशीच धरून ठेवली. "तुला? आणि तुझं ते तत्त्व?"

"तत्त्व घसरतं."

माई हसल्या नाहीत. "म्हणजे तुला जायचंय."

"हो."

"मग साइडकारच्या वेळी सरळ सांगायचंस की, सासू नको म्हणून. त्या गोऱ्याला रुळांची व्याख्यानं कशाला दिलीस?"

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. माईच बोलल्या, आणि या वेळी माझ्याकडे न बघता.

"मी सोळाव्या वर्षी या गावात आले. छत्तीस वर्षं झाली. तू येईपर्यंत हावडा स्टेशन आणि कालीघाट सोडून मी काही पाहिलं नव्हतं. हे होते तेव्हा वेळ नव्हता, हे गेले तेव्हा रीत नव्हती. तुला जायचंय हे ठीक आहे, वृंदा. पण मलाही जायचंय."

असं कुणी सासू म्हणेल, याचं उत्तर मी आगगाडीत तयार केलेलं नव्हतं.

आम्ही जमिनीवर बसून वाटणी केली. एक दौरा माझा, एक त्यांचा. रविवार सकाळ त्यांची, संध्याकाळ माझी. पाऊस आला तर दौरा मोजायचा नाही. जयंतना विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मग माईंनी ट्रंक उघडून एक हिरवं लुगडं काढलं, त्यांचं सवाष्णपणीचं, आणि मला भिंतीशी उभं करून तासभर नेसवलं. निऱ्या चुकल्या की मनगटावर चापट बसे. "घट्ट ओढ. बर्दवानपर्यंत जायचंय, देवळात नाही."

दुसऱ्या दिवशी मी गेले. पासष्ट मैल टांग टाकून, दोन्ही हातांनी नवऱ्याचा कोट धरून. वाऱ्यामुळे आणि इंजिनामुळे एक शब्द ऐकू येत नव्हता, त्यामुळे लग्नापासून साठवून ठेवलेलं सगळं तसंच राहिलं. डाकबंगल्यात पोचल्यावर जयंत व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या झोपले. मी शेजारच्या खुर्चीत बसून राहिले. तिसरी खुर्ची तिथे होतीच. तिच्यावर मी पाय ठेवले.

डॉक्टर सरकार तीन वर्षांनी गेले. तोवर ते दर दुर्गापूजेला माईंना संदेश मिठाईचा पुडा पाठवत आणि स्प्रिंगांची चौकशी करत. मनोहरपंतांची जबलपूरला बदली झाली. तिथे त्यांनी स्कूटर घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात विकली, असं ऐकलं. लग्न केलं नाही. रिपन स्ट्रीटच्या गार्डचं ऑस्ट्रेलियाहून एकदा पत्र आलं, साइडकारवाली गाडी अखेर एका पाववाल्याने घेतली असं त्यात होतं.

माईंनी अठ्ठावन्न सालापर्यंत आपले दौरे सोडले नाहीत. मग गुडघा धरला. एकसष्टच्या थंडीत त्या गेल्या. जयंत शहात्तर साली निवृत्त झाले आणि शहाऐंशीत गेले. शेवटपर्यंत वळताना डावा खांदा टाकत. गाडी त्याआधीच श्रीरामपूरच्या एका शाळामास्तरांनी नेली होती. मी मुलीकडे, शैलाकडे असते. तिची मुलगी न्यू टाउनला कंपनीत नोकरीला आहे, स्वतःची स्कूटर चालवत जाते, आणि तिच्या मागे बसायला कोण असतं हे मला अजून सांगत नाही.