गाव बांधला तो मंगळवार

तुका भगताने गाठ मारली तेव्हा फागी दोरीच्या आत होती. आंब्याची पानं ओवलेली ती दोरी तिने चढण चढतानाच लांबून पाहिली होती. एक टोक सागाला बांधून झालं होतं, दुसरं म्हाताऱ्याच्या हातात होतं. ये, ये, तुझ्यासाठीच थांबलोय, असं तो म्हणाला, आणि ती आत आल्यावर त्याने ते टोक समोरच्या ऐनाच्या झाडाला करकचून बांधलं.

गाव बांधला. म्हणजे आता आतलं माणूस बाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही. तापाची साथ आली की सूर्यमाळच्या अंगाच्या त्या पाड्यावर असंच करत आले होते. फागीने पिशवी छातीशी धरली आणि सोडणार कधी, ते विचारलं.

"उद्याचा मंगळवार पाळायचा," तुका म्हणाला. "परवा सकाळी सोडू."

नाशिकच्या कॉलेजात हजर व्हायची मुदत मंगळवारी संध्याकाळी संपत होती. जागा गेली की गेली. जव्हारहून आज फिटनेसचा दाखला मिळाला आणि पिशवीतली कागदं पुरी झाली. खरं तर रात्री जव्हारलाच मैत्रिणीकडे, प्रतिक्षाकडे, राहायचं आणि पहाटे तिथूनच नाशिकची गाडी धरायची असं ठरलं होतं. पण दुपारी माघ्याचा फोन आला. कपडे नकोत का, चादर नको का, घरी ये, जेवून जा, पहाटे मी मोटारसायकलवर सोडतो. नवऱ्याने एवढ्या मायेने बोलावल्यावर कोणती बाई परक्या घरी राहील? फागी आली.

एकतीस वर्षांची बाई डॉक्टरकीला निघालीय म्हटल्यावर पाड्यावर लोक काय कमी हसले होते? तिचे शाळेतले मार्क सगळ्यांना पाठ. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर निघायचे, पोरीलाही न्यायचे, आणि ती परत यायची ती थेट होळीला, केसांत विटांची धूळ घेऊन. आश्रमशाळेतले एक मास्तर तिला वर्गात होळीची पाहुणी म्हणायचे. पाहुणीला कुठले मार्क पडणार? दहावी काठावर, बारावी त्याहून काठावर. त्या मार्कांवर डॉक्टरकीची जागा मिळणार नव्हती, म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षी, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या रांगेत बसून, तिने बारावीचे विषय पुन्हा दिले. मग नीटची परीक्षा. एकदा आपटली. दुसऱ्यांदाही आपटली. या वेळी शनिवारी यादी लागली, आणि तीत तिचं नाव होतं.

आणि माघ्या! त्याने पडवीत तिच्यासाठी बल्ब लावला. जुन्या पुस्तकांचं गाठोडं जव्हारहून आणलं ते शेवटच्या चढणीला डोक्यावर घेऊन. निकाल लागून ती भिंतीकडे तोंड करून पडली की तो चहा करायचा आणि म्हणायचा, पुन्हा बस, मी आहे ना. शनिवारी तर त्याने घरोघर गूळ वाटला. असा नवरा डोंगरावर दुसरा नाही, असं बायका पाण्याला जाताना बोलायच्या, आणि फागीलाही ते ऐकायला गोड लागायचं.

घरी त्याने कोंबडी शिजवून ठेवली होती. फागीने पिशवी खुंटीला न लावता मांडीवरच ठेवली आणि दोरीचं सांगितलं. माघ्याने टोपातलं कालवण ढवळलं, चव घेतली, मीठ टाकलं.

"मी कुठे अडवतोय तुला? जा तू," तो म्हणाला. "गावाचं काय ते तू बघ."

गाव लगेच दारात आला. शेजारची गौरा, कडेवर सोनीला घेऊन. फागी पाड्याची आशाताई. घरोघरच्या तापाच्या गोळ्या तिच्याच हातून जायच्या. साथीतली बाकीची पोरं उठून खेळायला लागली होती, एकटी सोनी अजून तापलेली होती. रक्त तपासून झालं होतं, मलेरिया नव्हता. दोन दिवसांत उतरेल, असं फागीने कालच सांगितलं होतं. गौरा आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"गोळ्या तूच देतंस आम्हांला," ती म्हणाली. "आता तूच बांधलेला गाव मोडून गेलीस, नि माझ्या सोनीला काय झालं, तर मी कुणाला धरू?"

ताप उतरणार हे फागीला ठाऊक होतं. पण पुस्तकात लिहिलेलं पोरीच्या अंगाला ठाऊक असतं थोडंच? आणि नाहीच उतरला, तर पाच वर्षांनी डॉक्टरीण होऊन ती ज्या पाड्यावर येणार, तिथलं एकही पोर तिच्या हातात कुणी देणार नव्हतं. तिने सोनीच्या कपाळाला हात लावला आणि पुढच्या गोळीची वेळ सांगितली.

पहाटे ती पिशवी घेऊन शिवेपर्यंत गेली. माघ्या अंगावर घोंगडी ओढून निजला होता; झोप लागलेल्या माणसाच्या मानाने तो फारच गप्प होता. खाली वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. दोरी कमरेएवढीच उंच. एक शेळी तिच्याखालून गेली, पलीकडचं गवत खाल्लं आणि परत आली. तिला कुणी विचारलं नाही. फागीने पानांना हात लावला, ती रात्रीतच सुकली होती. गाडी गेल्याचा आवाज पार विरला, तेव्हा ती मागे फिरली.

मंगळवारभर ती गौराच्या घरी बसून होती. सोनीचं अंग ओल्या फडक्याने पुसायचं, गोळी उगाळून द्यायची. प्रतिक्षाचा फोन वाजत राहिला, तिने उचलला नाही. उन्हं कलताना पोरीला दरदरून घाम फुटला आणि अंग निवलं. दोरीने केलं, म्हातारी माणसं म्हणाली. दोरीनेच, गौराही म्हणाली, आणि रडली. कॉलेजची खिडकी बंद झाली असेल तेव्हा फागी सोनीला चमच्याने पेज भरवत होती. पोरगी खात होती, याचं तिला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचाच राग आला.

बुधवारी सकाळी ती पाण्याला निघाली तेव्हा तुका शिवेवर गाठ सोडत होता. गाठ दवाने आवळली होती. त्याच्या बोटांना ती सुटेना, म्हणून फागीने हंडा ठेवला आणि दोरी सैल धरली.

"मी रविवारच धरला होता, पोरी," म्हातारा म्हणाला. "सोमवारी सकाळी सोडला असता, तुझंही काम झालं असतं."

"मग?"

"माघ्या गूळ घेऊन आलेला ना शनिवारी, तो म्हणाला, रविवारी पोरं मोखाड्याला जातात, मंगळवार धर. सोमवारी म्हणाला, फागी आल्याबिगर गाठ मारू नको. मला वाटलं, तुमचं दोघांचं बोलणं झालंय."

तो गूळ फागीनेच फोडला होता. पाट्यावर, हसत हसत, आणि मोठे खडे निवडून त्याच्या हातात दिले होते. ती आपटत होती तोवर माघ्यासारखा माणूस नव्हता. उभी राहिली तेव्हा त्याला दोरी सुचली. तिला ओरडावंसं वाटलं, हंडा त्या खडकावर आपटावासा वाटला. तिने दोरी गुंडाळून म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि हंडा उचलला.

ती पाणी घेऊन घरी आली तेव्हा माघ्या चुलीपुढे बसून नागलीची भाकर थापत होता. तिची पहिली भाकर त्याने ताटात काढून ठेवली होती, वर ठेचा. ती बसली. तो तिच्याकडे न बघता बोलला.

"मनाला लावून घेऊ नको. पुढल्या वर्षी परत बस. मी आहे ना."

फागीने भाकरीचा तुकडा मोडला.

"बसते," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी गाव कधी बांधायचा, तेवढं मला आधी सांग."

माघ्या चुलीत लाकूड सारायला वाकला. लाकूड आतच होतं. तरी तो बराच वेळ तसाच वाकून राहिला, आणि तव्यावरची भाकर करपायला लागली.