थडग्यातली गाण्याची माडी

मी मातीची माडी बोलतेय. आत जिवंत माणूस मावणार नाही एवढीशी आहे मी. मेलेल्या कुआनच्या थडग्यात ठेवायला मला घडवलं, हिरवी झिलई देऊन भट्टीत भाजलं.

खाली पहारेकरी, मधे उघडा रंगमंच, वर मालकाची रिकामी बैठक. माणसंही मातीचीच. मंचावर एकजण हातांवर उलटा उभा. एक बाई कानाशी हात धरून गातेय. एकजण मांडीवर वीणा घेऊन बसलाय. वीणेला तारा नाहीत. आमच्याकडे मेलेल्याला वाजणारं वाद्य देत नाहीत.

मरताना कुआन बायकोला एवढंच म्हणाला होता, "तिकडं गाणं नसलं तर मी काय करू गं?" तिनं गाण्याचा शब्द दिला. म्हणून तर भट्टीवर येऊन लोऊ कुंभाराशी भांडली.

"तारा लाव, दादा."

"नको वहिनी. वाद्य वाजलं तर मेलेला उठून घरी येतो."

"येऊ दे की! तुझ्या घरी जेवायला येतोय का?"

लोऊ हसला. तारा काही लावल्या नाहीत.

बाई हट्टाची. पुरायच्या दिवशी रेशमाचे धागे घेऊन आली, थडग्यात उतरून वीणेवर ताणून बांधले. बोट लावलं. बारीकसा आवाज झाला, माझ्या भिंतींतून गेला. तेवढाच.

थोरल्या मुलानं पाहिलं. "आई, घर बुडवशील! माझी पोरंबाळं आहेत!"

"तुझा बाप आहे तो."

"होता," म्हणाला आणि धागे तोडले हलकटानं.

ती त्याच्या मनगटाला चावली. लोकांनी तिला ओढत बाहेर नेलं. विटा रचून दार बंद केलं.

मग नुसता अंधार. कुआन शेजारी पडलेला. बाईनं शब्द दिलाय म्हणून वाट बघत असणार. गाणारीचं तोंड उघडं, आवाज नाही. मला ओरडावंसं वाटायचं. मातीला कुठला गळा? पाणी शिरलं, चिखल बसला, त्याची नुसती हाडं उरली.

शेकडो वर्षांनी माणसांनी खणून आम्हाला काढलं. मला धुतलं, संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवलं. लोक येतात, म्हणतात, "बघ ना, गाणं ऐकू येतंय असं वाटतं!" डोंबल ऐकू येतंय!

हाडं दुसरीकडे नेली. कुठं, ते मला कुणी सांगितलं नाही. तुम्हाला सापडली तर त्याला सांगा, बाबा, बायको खोटी नव्हती, पण वाट बघू नकोस. ते गाणं सुरूच झालं नाही.