हरवणारा रंग

"माझ्या डब्याला हात कुणी लावला?"

मावशींचा आवाज चढला. प्रयोगशाळेत त्यांच्याखेरीज नवी तंत्रज्ञ मुलगीच काय ती होती. ती मान खाली घालून म्हणाली, "मी नाही हो."

मावशींचा विश्वास बसला नाही. बावीस वर्षं त्या केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा सोलत होत्या. टोकाचं बोटभर आवरण काढायचं, मग यंत्रात त्यावर सोन्याचा पातळ थर चढायचा. तारेतून प्रकाश सोडला की सोन्यापाशी एक रंग हरवे. पाण्यात पारा असला की हरवणारा रंग बदले. गावाचं पिण्याचं पाणी याच तारांवर तपासलं जाई. आणि गेले काही दिवस त्यांनी सोलून डब्यात ठेवलेल्या तारा जागच्या हललेल्या दिसत.

'गोड बोलून माझ्या जागेवर डोळा ठेवलाय हिने,' त्यांनी मनाशी ठरवलं. दुपारी जेवायला जाते म्हणून निघाल्या आणि पाच मिनिटांत परत फिरल्या. मुलगी त्यांचीच तार चिमट्यात धरून बसली होती.

"सापडलीस! माझं काम बिघडवतेस? अगं, लोकांच्या पोटात जातं ते पाणी!"

मुलगी रडवेली झाली. "बिघडवत नाही, मावशी. आवरण राहून जातं थोडं. तेवढं काढते. राहिलं तर प्रकाश सोन्यापर्यंत पोचतच नाही ना."

"खोटं!"

"तुम्हीच बघा."

मावशींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं. तार धूसरच. भिंग पुसलं, डोळा पुसला. तरी धूसरच.

त्यांनी भिंगावरून डोळा काढला. मग म्हणाल्या, "कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"मला सांगितलं नाहीस?"

"ज्यांनी शिकवलं त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? राहू द्या ना. कुणाला कळायचं नाही."

"आणि तू एखादा दिवस आजारी पडलीस तर?"

मावशी उठल्या, साडी सारखी केली आणि थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. "साहेब, माझ्या हातच्या तारा यापुढे वापरू नका. मला दिसत नाही." साहेब काही बोलणार, तोवर त्या बाहेरही आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या खुर्चीवर मुलगी बसली होती, मावशी शेजारच्या स्टुलावर. मुलीने पहिली तार सोलली आणि सवयीने पुढे केली. "जमली का, मावशी?"

"मला नको विचारूस. भिंगाला विचार."

मुलगी भिंगावर वाकली. मावशी हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिल्या.