छायाबरोबर मुलाखतीला गेलेला वॉकर

मी वॉकर बोलतोय. मला पाय चार, पण स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही. पुढचं ऐकताना एवढं ध्यानात असू द्या.

चौक गावातल्या औषधांच्या दुकानात मी महिनाभर टांगलेला होतो. तिथून राजेशनं मला वडिलांसाठी घरी नेलं. लडकूबाबा मोहोपाड्याच्या कंपनीतून निवृत्त झालेले, करड्या आवाजाचे. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती.

त्यांना उभं केलं सुनेनं, छायानं. डॉक्टरांनी एकदाच दाखवलं आणि तिनं ते पक्कं धरलं. रोज दुपारी चार वाजता ती त्यांच्या उजव्या बाजूला, किंचित मागे उभी राहायची, कमरेचा पट्टा मुठीत घेऊन. "आधी वॉकर, मग उजवा, मग डावा."

"बस झाला गं. नाय जमत."

"दारापर्यंत, बाबा. मग बसा."

याच माणसानं लग्नानंतर तिचं नर्सिंग अडवलं होतं. 'आमची सून लोकांची अंगं चेपनार नाय,' असं म्हणून. मला पुसताना ती पुटपुटायची, त्यातून मला हे कळलं. बाबांना ते आठवत होतं की नाही, ठाऊक नाही. मला त्यांचे फक्त तळहात माहीत. डावा दाबायचा, उजवा नुसता पडून असायचा, गार, ओलसर.

दोन वर्षांनी बाबा गेले. मी पडवीच्या कोपऱ्यात.

वर्षश्राद्ध उरकलं आणि छायानं कर्जतच्या एका संस्थेचा फॉर्म आणला. फिजिओथेरपी सहायकाचा अभ्यासक्रम. बारावी होऊन तिला सोळा वर्षं झाली होती. 'हे काम का करावंसं वाटतं?' या प्रश्नापाशी ती अडली. तेवढ्यात चार वाजले आणि माझ्या डाव्या मुठीवर वजन आलं.

पडवीत कुणी नव्हतं. उजव्या मुठीवर गार ओल. मी उचलला गेलो, टेकलो. पुन्हा उचलला गेलो, टेकलो. छायानं मान वर केली तेव्हा मी दार अडवून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तिनं मला खांबाला बांधलं. दोरी गाठीसकट खांबालाच राहिली आणि मी दारात.

"बाबा अजून अडवतायत मला," ती रडवेली होऊन राजेशला म्हणाली.

राजेशनं खांबाची दोरी सोडून घेतली. मग म्हणाला, "अडवू दे. तू भर फॉर्म."

मुलाखतीच्या दिवशी चार वाजायची वाट कुणी पाहिली नाही. सकाळी नऊलाच मी दारात. छायानं फाइल काखेत धरली. मग ती माझ्या उजव्या बाजूला, किंचित मागे येऊन उभी राहिली.

"येताय का, बाबा? चला. आधी वॉकर."

मी उंबरठा ओलांडला.

कर्जतला शैला मॅडम मुलाखत घेत होत्या. "वॉकर आणलाच आहे, तर समजा समोर रुग्ण आहे. चालवून दाखवा."

छायानं पट्टा धरल्यासारखी रिकाम्या हवेत मूठ वळली. लगेच माझ्यावर भार आला. फरशीवर माझी रबरं करकरली. उजवा, मग डावा. खोलीच्या त्या टोकापर्यंत.

"शाब्बास, बाबा. बसा आता."

भिंतीलगतची वेताची खुर्ची कुरकुरली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुमचा हात वॉकरला लागलाच नाही," त्या हळूच म्हणाल्या. नंतर विचारलं, "किती रुग्ण सांभाळलेत आजवर?"

"एकच."

त्या खुर्चीकडे बघत मॅडमनी यादीत तिचं नाव लिहिलं.

छाया आता वरच्या मजल्यावर शिकते. मला तिनं इथंच, मुलाखतीच्या खोलीत ठेवलं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. घरी आता सगळं शांत आहे, असं ती मैत्रिणींना सांगते. असणारच.

त्या वेताच्या खुर्चीवर मात्र कुणी बसत नाही. बसलं तरी दचकून उठतं, कपडे ओले झाले का बघतं. मी शेजारीच उभा असतो.

छाया, त्या दिवशी तू त्यांना 'बसा' म्हणालीस. 'उठा' म्हणायचं राहून गेलं. एकदा खाली ये गं.